घरी माणसं किती?

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत नाना कोठीवाल्यांचं दुकान होतं, पण तिथे माल विकला जात नसे. तिथे तो मंजूर होत असे.

गिऱ्हाईक पायरीशी येऊन उभं राहिलं की नाना चष्मा कपाळावर चढवत, त्याला आपादमस्तक न्याहाळत आणि विचारत, "घरी माणसं किती?" मग दुसरा प्रश्न, "निमित्त काय?" माणसं चार आणि निमित्त रोजचंच असेल, तर मेतकूट पावशेर. वर कोणी दोन शेर मागायचं धाडस केलंच, तर नाना शांतपणे म्हणत, "खाणार आहात, की भिंती सारवणार आहात?" गिऱ्हाईक ओशाळून पावशेराची पुडी घेई, पैसे ठेवी आणि वर नमस्कार करून पायरी उतरे. पैसे नाना घेत, पण दुसरीकडे बघत. कोठाराच्या दरोग्याने पैशाला हात लावणं त्यांना जरा हलकं वाटे.

दरोगा ते खरोखरच होते. दरबारच्या कोठारात त्यांची उभी हयात गेली होती. तूप, डाळ, मसाला, सगळं माणसं मोजून आणि निमित्त विचारून द्यायचं. मागणारा नेहमी जास्तच मागतो आणि दरोग्याने ते कापायचं असतं, एवढ्यात नानांच्या मते जगातलं सगळं शहाणपण आलं. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं, कोठाराला टाळं लागलं आणि नाना शाल-नारळ आणि बेताची पेन्शन घेऊन घरी आले. मग घराच्या ओसरीवरच त्यांनी दुकान मांडलं. त्यांच्या पत्नी शामलाबाई मागच्या चुलीवर गोडा मसाला आणि मेतकूट भाजत, कुटत. नाना पुढे गादीवर पगडी घालून बसत. संस्थान विलीन झालं होतं, नाना झाले नव्हते.

आणि गल्लीचं याबद्दल काही म्हणणं नव्हतं. गल्लीतला कोणी फरासखान्यात होता, कोणी रिसाल्यात, कोणाचे आजोबा राजवाड्यात पूजा सांगत. दरोग्यासमोर उभं राहून घरातली माणसं मोजून दाखवणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पुडी त्यांना बनियाकडेही मिळाली असती, पण बनियासमोर उभं राहायचं म्हणजे नुसतं गिऱ्हाईक व्हायचं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्यभारतही बुडाला. राज्याची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला ठरली, आणि आठ वर्षं ज्या राज्यासाठी सगळ्यांनी अर्ज लिहिले त्याचं नुसतं लेटरहेड उरलं. कचेऱ्या निघाल्या. आधी फाइली गेल्या, मग कपाटं, मग कपाटांच्या मागोमाग कारकून, पलंग, पाटे-वरवंटे आणि सुना-नातवंडं. पडावच्या रस्त्याने रोज सामानाचे टांगे स्टेशनाकडे जात. नानांचं निम्मं गिऱ्हाईक त्या टांग्यांत बसून गेलं.

नानांचा मुलगा लक्ष्मीकांत सचिवालयात होता, तोही बायको आणि दोन मुलांसह गेला. स्टेशनावर गाडी सुटायच्या आधी तो म्हणाला, "नाना, पाडव्यापर्यंत बघा. दुकान चाललं तर ठीक, नाही तर वाढवा, कुलूप लावा आणि दोघंही भोपाळला या. मला तिथे क्वार्टर मिळणार आहे." नाना हो म्हणाले. गाडी हलत असताना माणूस कशालाही हो म्हणतो. घरी येताना मात्र त्यांना प्रश्न पडला. भोपाळला त्यांना कोण ओळखणार होतं? क्वार्टरच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसलेले लक्ष्मीकांतचे वडील, एवढीच तिथे त्यांची नेमणूक होती. आणि दुकान तर दिवसेंदिवस ओस पडत होतं.

अशा वेळी जावई मदतीला धावून आले. जावई धावून आले की सासऱ्याने काय करायचं, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. बसायला पाट द्यायचा आणि ऐकायचं.

रमाकांत उद्योग खात्यात होते. छोट्या दुकानदारांना सल्ला देणं हे त्यांचं काम. पुनर्रचनेत त्यांचं टेबल भोपाळला गेलं, खुर्ची इंदूरला गेली आणि ते स्वतः कोणाच्याच यादीत न सापडल्यामुळे पुढील आदेशापर्यंत ग्वाल्हेरात राहिले. पगार चालू होता. त्यांची बायको, नानांची लेक राजलक्ष्मी माहेरपणाला आली, तेव्हा तिच्या मागोमाग हेही सासुरवाडीला आले, आणि सल्ला द्यायला दुसरं कोणी नसल्याने त्यांची नजर ओसरीवर गेली.

"नाना," पहिल्याच रात्री जेवताना ते म्हणाले, "तुमचा माल एक नंबर आहे. पण तुम्ही स्वतःला कधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघितलंय का?"

"ते कशाला? माझे आहेत ना," नाना म्हणाले.

"तिथेच तर गडबड आहे," रमाकांत म्हणाले आणि चौथी पोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रयोग मांडला. नानांनी पगडी काढायची, मफलर गुंडाळायचा, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत येऊन आपल्याच दुकानात खरेदी करायची. गादीवर बसतील शामलाबाई. त्यांनी अगदी नानांसारखं वागायचं. शामलाबाईंना हे दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि मांडी घातली. बातमी पसरायला गल्ली केवढी, समोरचा ओटा भरून गेला.

नाना आले. म्हणाले, "अर्धा शेर गोडा मसाला द्या."

शामलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. आधी तराजूची दोरी सरळ केली, मग एक माशी हाकलली. मग विचारलं, "घरी माणसं किती?"

"चार."

"जावई धरून की सोडून?"

ओट्यावर हशा पिकला. रमाकांतही हसले, पण जरा उशिरा.

"धरून," नाना म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

"निमित्त काय?"

"निमित्त कशाला पाहिजे? जेवायचंय. पैसे देतोय मी."

"पैसे सगळेच देतात," शामलाबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "चार माणसांना अर्धा शेर? अंगाला लावणार आहात? छटाकभर मिळेल. पुढच्या महिन्यात बघू."

नाना ताडकन वळले आणि पायरी उतरले. "असल्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही," असं ते भर गल्लीत बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की राहतात ते त्याच घरात. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांना मनापासून लाज वाटली होती. इतकी वर्षं आपण लोकांशी असं बोलत आलो, आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही.

रमाकांतांना हवं तेच झालं होतं. लगेच सुधारणा सुरू झाल्या. पगडी खुंटीवर गेली. पायरीशी बाक आला. माणसं विचारायची नाहीत, निमित्त विचारायचं नाही, मागेल तेवढं द्यायचं. गिऱ्हाईक आलं की उठून म्हणायचं, "आइए, क्या सेवा करें?" आणि हसायचं. हसण्याचा सराव नानांनी आरशासमोर केला. शामलाबाईंनी विचारलं, दाढ दुखतेय का.

नवीन गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. एका लालाजींनी शेरभर मेतकूट नेलं, बेसन समजून त्याची भजी तळली आणि संध्याकाळी भजी आणि पुडी दोन्ही घेऊन आले. "ये क्या चीज़ दे दी आपने?" निमित्त विचारलं असतं तर भजी वाचली असती, पण निमित्त विचारायला बंदी होती. नाना हसले आणि पैसे परत दिले.

जुनी गिऱ्हाइकं मात्र एकेक करून गळायला लागली. रिसाल्यातून निवृत्त झालेले महिपतराव आले, अर्धा शेर मसाला मागितला. नानांनी उठून, हसून अर्धा शेर दिला. महिपतराव पुडी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"नाना, आमचं काही चुकलं का?"

"नाही बुवा. का?"

"नाही, सहज," महिपतराव म्हणाले आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत. चार दिवसांनी शामलाबाईंना विहिरीवर मालूम पडलं, की नाना दुकान वाढवून भोपाळला जायच्या बेतात आहेत, म्हणून कोणाला काही विचारत नाहीत, सरळ माल खपवतायत, असं सगळी गल्ली बोलते आहे. रमाकांत म्हणाले, सुधारणा मुरायला वेळ लागतो. पाडवा महिन्यावर आला होता.

मग एक दिवस दुपारी कुसुमताई आल्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहत. पूर्वी त्यांच्या घरी पंगत उठली की दुसरी बसे. त्यांनी शेरभर मेतकूट मागितलं, नेहमीसारखं. नाना उठले, हसले, शेरभर मेतकूट मोजलं आणि पुडी बांधून पुढे ठेवली. कुसुमताईंनी ती उचलली नाही.

"तुम्ही विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घरी माणसं किती."

आत रमाकांत वर्तमानपत्र वाचत होते.

"एक," कुसुमताई म्हणाल्या. "थोरला दिवाळीनंतर भोपाळला गेला, धाकटा संक्रांतीला. दोघंही म्हणतात, आई, जम बसला की बोलावतो. शेर मागितला की तुम्ही विचाराल, मग सांगेन, असं ठरवून घरून निघाले होते. दुसऱ्या कोणाला जाऊन सांगू? बनियाला? तो म्हणेल, माताजी, पाव दूँ कि आधा."

नानांना फार वाईट वाटलं. आरशासमोर बसवलेलं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते त्यांनी आधी काढून टाकलं. मग पुडी सोडली, मेतकूट पुन्हा डब्यात ओतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"एका माणसाला शेरभर? किडे व्हायला लागतील त्यात," ते आवाज चढवून म्हणाले. "छटाकभर न्या. ताजं खा. आणि संपलं की परत या."

गिऱ्हाइकाला परत या असं नाना जन्मात पहिल्यांदाच म्हणाले होते. कुसुमताईंनी डोळे पुसले, नमस्कार केला आणि छटाकभर मेतकूट घेऊन समाधानाने गेल्या. जायच्या आधी बाकावर बराच वेळ बसल्या.

"नाना, हे बिलकुल उलटं झालं," रमाकांत बाहेर येऊन म्हणाले. "शेराची विक्री छटाकावर आणलीत तुम्ही. मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघा म्हणून."

"मग?"

"बघितलं ना," नाना म्हणाले आणि खुंटीवरची पगडी काढून झटकली.

बाक राहिला. भिंती सारवायचं बोलणं नानांनी स्वतःहून सोडलं, कारण मफलर गुंडाळून उभं राहिल्याची आठवण त्यांचे कान अजून तापवत होती. प्रश्न मात्र परत आले. आणि गल्लीत एकदा कळल्यावर की नाना विचारायला लागले, माणसं यायला लागली. जो तो बाकावर बसून आपली माणसं मोजे. होते सात, राहिलो दोन. महिपतराव आले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "तीन. आणि घोडा होता तो धरत नाही." मग निमित्त विचारलं की सगळेच हळूच सांगत, भोपाळ. तिकडे पोरांना हे असलं काही मिळत नाही, जाणारा येणारा असला की पाठवायचंय. आणि भोपाळचं निमित्त असलं की नाना न कापता मंजूर करत, वर मूठभर जास्त घालत. शामलाबाईंना दिवसातून दोनदा चूल पेटवावी लागायला लागली. रमाकांतांना एवढ्यात भोपाळचा आदेश आला. प्रयोग पूर्ण यशस्वी झाल्याचा अहवाल त्यांनी जाण्याआधी दिला, आणि बरोबर मसाला फुकट नेला.

पाडव्याला लक्ष्मीकांत आला. येताना भोपाळहून पितळी कुलूप घेऊन आला होता. ग्वाल्हेरात कुलपं मिळतात हे तो एवढ्यात विसरला होता. ओसरीवर बाक भरलेला बघून ते त्याने पिशवीतून काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तो गादीपाशी आला. त्याला बरंच काही बोलायचं होतं, पण म्हणाला एवढंच, "नाना, गोडा मसाला न्यायचाय. घरात पुरेल इतका."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"घरी माणसं किती?"

लक्ष्मीकांतने वडिलांकडे बघितलं, मग आतल्या दाराशी उभ्या असलेल्या आईकडे.

"सहा," तो म्हणाला. "तुम्ही दोघं धरून."

नानांनी तराजू उचलला. सावकाश, दोरी सरळ करून, चार माणसांचा मसाला मोजला, पुडी बांधली आणि लेकापुढे ठेवली. लक्ष्मीकांतने खिशातून पैसे काढून गादीवर ठेवले. नानांनी ते घेतले आणि नेहमीसारखं दुसरीकडे बघितलं. या वेळी त्याचं कारण वेगळं होतं.