मागचा डावा कोपरा

"फक्त बोट दाखव, बोलू नकोस," सोफ्यामागे गुडघ्यांवर बसलेला मर्विन म्हणाला आणि त्याने एका स्पीकरमध्ये खरखर सोडली.

खोलीच्या मधोमध मांडलेल्या खुर्चीतून थेल्माने पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"बरोबर. आता?"

"खिडकीपाशी. मर्विन, माझ्या पेस्टी ओव्हनमध्ये आहेत रे."

"जळल्या तर मी खाईन. आता?"

लग्नाला चाळीसेक वर्षं झाली होती, पण त्या खुर्चीत थेल्मा आज पहिल्यांदाच बसत होती. तिला कुणी अडवलं नव्हतं. "सगळ्या घरात एकाच बुडाला ऐकू येणारं संगीत," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

मर्विन ट्रेनॉर्डन वॉलरू बंदराच्या धक्क्यावरच्या धान्यकोठारांत इलेक्ट्रिशियन होता. तरुणपणी ॲडलेडच्या एका दुकानात त्याने चार बाजूंनी वाजणारं संगीत ऐकलं आणि तो पार नादावला. समोरून येतं ते गाणं, हे त्याला कळत होतं. पण ज्या जागेत ते गाणं झालं, ती जागा कुठे जाते? भिंतींनी परत पाठवलेला आवाज, मागे कुणीतरी दाबलेला खोकला, हे सगळं आपल्या पाठीमागे ऐकू आलं पाहिजे, नाही का? या एका प्रश्नापायी त्याने दिवाणखान्यातलं कपाट हलवलं, भिंतींवर लोकरीचे गालिचे टांगले, जेवणाचं टेबल व्हरांड्यात काढलं. पुढे कंपन्यांनी तसल्या तबकड्या काढणंच सोडून दिलं. मग तो स्वतःच चार मायक्रोफोन घेऊन मूंटा गावच्या चॅपलमध्ये, तिथल्या छोट्या चर्चमध्ये, गाणी टेप करायला जाऊ लागला.

गेल्या वसंतात एका सकाळी दाढी करताना त्याला रेडिओ लांब गेल्यासारखा वाटला. उजवा कान गेला होता. डॉक्टर म्हणाले, कानाची शीरच गेली, परत यायची नाही. घरी आल्यावर कोटही न काढता मर्विन खुर्चीत बसला आणि त्याने टेप लावली. वाऱ्यात मेंढरं कुंपणाच्या एका बाजूला दाटावीत, तसे सगळे सूर डावीकडे येऊन दाटले. पुढे कोण, मागे कोण, काही कळेना. त्यानंतर त्याने यंत्रावर चादर टाकली.

मग यंत्र आणि स्पीकर देऊन टाकायला त्याने शेजारच्या कडीना गावातल्या गार्थ पोल्किंगहॉर्नला फोन केला. गार्थलाही हेच वेड होतं.

"अरे, देऊन काय टाकतोस? ठेव की," गार्थ म्हणाला.

"आंधळ्याला आरसा कशाला? गाडी घेऊन ये आणि ने."

पण नादुरुस्त वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने टेपयंत्राचा सैल पडलेला रबरी पट्टा बदलला, तारा तपासल्या. कोणता आवाज कुठून येतो, एवढं मात्र त्याला स्वतःला कळणार नव्हतं. म्हणून आज सकाळी गार्थ यायच्या आत त्याने थेल्माला हाक मारली होती.

"खरखर पुरे," ती म्हणाली. "गाणं लाव काहीतरी."

त्याने चॅपलमधल्या एका जुन्या नाताळची टेप चढवली. त्या वर्षी मर्विनच्या हट्टापायी गायकांना सज्ज्याच्या चारही कोपऱ्यांत उभं केलं होतं, आणि खाली मधोमध उभी राहून हातांच्या खुणांनी सगळ्यांना गाववत होती थेल्मा. ही टेप तिने कधी ऐकली नव्हती. गाऊन झालेलं गाणं म्हणजे शिळं अन्न, असं तिचं म्हणणं.

आधी बाकांची करकर झाली. मग समोरचे पुरुष गाऊ लागले. थेल्माचा हात मांडीवरून उचलला गेला. तिने उजवीकडे पाहून मान हलवली आणि तिकडचे सूर आत आले. मर्विन गाणं सोडून तिच्याकडेच बघत राहिला. तिचा चेहरा कुठे वळतो, त्यावरून कोण कुठे गातंय ते त्याला कळत होतं.

अचानक ती पूर्ण मागे वळली आणि कपाळाला आठ्या घालून तिने मागच्या डाव्या कोपऱ्याला तळवा दाखवला. थांब.

"काय झालं? तार सुटली का?"

"व्हर्ना," ती म्हणाली. "नेहमीसारखी आधीच सुरू झाली."

व्हर्ना तिची धाकटी बहीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. कोपऱ्यात स्पीकर होता आणि त्यावर नेच्याची कुंडी.

मर्विनला विचारल्यावाचून राहवेना. "भिंतीपाशी आहे, की पलीकडे?"

थेल्माने डोळे मिटून ऐकलं. "पलीकडे. बरीच वर. कठड्यावर रेललीय, मेली."

इतकी वर्षं तो ती भिंत नाहीशी करायच्या मागे लागला होता.

बाहेर गार्थची गाडी घरघरत अंगणात शिरली. थेल्माचा हात चालूच होता. मर्विन पावलांचा आवाज न करता बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि गाडीच्या खिडकीशी वाकला.

"इंजिन बंद कर."

"का रे? सामान बांधून झालं नाही?"

"आज राहू दे, गार्थ. थेल्मा ऐकतेय."

गार्थने किल्ली फिरवली. गाडीच्या हौद्यात, स्पीकर गुंडाळायला आणलेली घोंगडी पडली होती. मर्विन तिथेच उन्हात उभा राहिला, चांगला कान घराकडे करून.