नऊ तासांचा उशीर

प्रबंध मान्य झाला, तर ताईंच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: नावाआधी डॉक्टर, दुसऱ्या शहरात कायमची नोकरी आणि स्वतःची मुलगी. मुलगी तशी त्यांचीच. पण पाच वर्षं आजीकडे वाढत होती, आणि हल्ली फोनवर आईला ‘तुम्ही’ म्हणू लागली होती. पहिल्या दोन गोष्टी हव्या होत्या त्या तिसरीसाठीच. त्यांच्या मार्गदर्शक सरांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती. टाक्या सांभाळणाऱ्या काकांना काहीच मिळणार नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती धड जावीत एवढंच.

काम माशांचं. समुद्रातल्या माशाला पोटाखाली दोन काटे असतात, त्याच्या तळ्यातल्या भाऊबंदाला नसतात. काटे घडवणारं जनुक मात्र दोघांत तेच. मग घोडं अडतं कुठे? ते जनुक कधी चालू करायचं हे ठरवणाऱ्या शेजारच्या तुकड्यात, असं सरांचं म्हणणं. ताईंनी ते दाखवून दिलं: तळ्यातल्या गर्भात जनुक नऊ तास उशिरा जागं होतं, आणि तोवर काट्यांची वेळ टळलेली असते. निबंध छापून आला. सर जिथे जातील तिथे नऊ तासांचं पुराण लावू लागले. विद्यार्थी त्यांना मागून ‘नऊतास’ म्हणत.

ताई जपून काम करणाऱ्या. दोन्हीकडची अंडी मिसळू नयेत म्हणून समुद्राची वरच्या इन्क्युबेटरमध्ये, तळ्याची खालच्या. दोन्हींवर आकडा अठरा अंश. गर्भाचं वय घड्याळावर धरायचं, ही सरांची शिस्त.

“घड्याळावर जाऊ नका, ताई,” काका एकदा म्हणाले होते. “पाठीवरचे खंड मोजा, पिल्लू वाढेल तसा एकेक उमटतो. गारठा असला की पिल्लू रेंगाळतं, घड्याळ थोडंच रेंगाळतं?”

“काका, दोन हजार गर्भांचे खंड मोजत बसले, तर घरी थेट मुलीच्या लग्नालाच जाईन.”

काका हसले आणि जाळी धुवायला गेले.

प्रबंध द्यायला पाच आठवडे उरले असताना खालचा इन्क्युबेटर बंद पडला. काकांनी तळ्याची अंडी वर हलवली. त्या खेपेला दोन्ही माशांत जनुक एकाच वेळी जागं झालं. ताईंनी पुन्हा करून पाहिलं. तेच. दुरुस्तीवाला म्हणाला, आतला तापमापक कित्येक वर्षं दोन अंश जास्त दाखवतोय. ताईंनी बाटल्यांतले जुने गर्भ काढले आणि तीन दिवस खंड मोजले. उशीर कुठेच नव्हता. होता तो नुसता गारठा.

“मागे घेऊ की निबंध,” सर म्हणाले. “आपण होऊन घेतला तर अब्रू जात नाही, वाढते. फक्त कारण लिहावं लागतं. इन्क्युबेटर कोण बघतं?”

“काका. पण अंडी वेगळी मी ठेवली. आणि घड्याळ तुमचं.”

“म्हणूनच सही आपण दोघांनी करायची आणि नाव तिसऱ्याचं घालायचं. तू सही कर, मी समितीकडून वर्षाची मुदतवाढ आणतो. मुलगी केवढी झाली गं?”

“आठ.”

“बघ मग.”

‘देखभाल सहायकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे’ असं पत्रात होतं. ताईंनी ‘अक्षम्य’ खोडायला लावलं आणि सही केली.

काकांना कामावरून काढलं. ते किल्ल्या द्यायला आले. “तळ्याच्या टाकीचं पाणी चार दिवसांनी बदला. विसराल.”

“काका, मी...”

“असू द्या. पोरीपायी माणूस काय काय करतं. आधी सांगितलं असतंत तर बायकोला मीच सांगितलं असतं. तिला शेजारणीकडून कळलं.”

मुदतवाढ मिळाली नाही. प्रबंधाचा पायाच मागे घेतलेला, वर्ष कशासाठी द्यायचं, असं समितीने लिहिलं. बैठकीला सर नव्हते. विज्ञानातल्या प्रामाणिकपणावर व्याख्यान द्यायला बाहेरगावी गेले होते.

खुर्ची सरांना मिळाली. काकांची दोन वर्षं गेली, आणि तीस वर्षांचं नाव. ताईंची पाच वर्षं गेली, शिवाय काकांच्या गल्लीतून जाण्याची सोय. मुलगी आजीकडेच राहिली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, पण या सगळ्याची वसुली तिच्याकडून अजून चालू आहे.