लेकरांचं पाणी

विहिरीत दवा टाकून आठवडा झाला होता. बोडीटोलीच्या वस्तीतली मोठी माणसं ठणठणीत होती. हगवण लागली ती फक्त लेकरांना. रुखमिणीला काही केल्या याचा मेळ लागेना. विहीर एक, पाणी एक, मग आजार माणसं निवडून कसा धरतो?

दवा टाकायचा हट्ट तिचाच. मास्तरांची बायको, बी.ए. झालेली, टोलीच्या बालवाडीत शिकवणारी. नळ सडकेपलीकडच्या पक्क्या घरांपर्यंत येऊन थांबला होता, सडक काही ओलांडत नव्हता. तेव्हा तिनं बिड्या वळणाऱ्या बायांना मांडीवरची सुपं खाली ठेवायला लावली. सगळ्या मिळून दवाखान्यात जाऊन बसल्या आणि पांढऱ्या भुकटीची पिशवी घेऊनच उठल्या. भुकटी विहिरीत पडताना रुखमिणी बजावत होती, "दवा तेज आहे हं! लेकरांना लांब ठेवा."

आता तिचाच दहा महिन्यांचा चंदू मांडीवर मान टाकून पडला होता. टाळू खोल गेलेली. सकाळपासून लघवी नाही. मास्तर शाळेच्या कामानं भंडाऱ्याला गेलेले. विहिरीचं पाणी उकळून तिनं त्यात मीठ-साखर घातली खरी, पण चमचा त्याच्या ओठाशी नेला आणि हात थांबला. भुकटी जास्त तर पडली नसेल? दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं एक आणि आपण ऐकलं भलतंच, असं तर नाही?

"दवा पडली तवापासूनच लेकरं लोळून राहिली," दारातून बेबीबाई म्हणाली. तिची पोरगीही तिच्या कडेवर मलूल होती. "शिकल्या-सवरल्या बाईनं चांगली विहीर बिघडवली ना वो!"

रुखमिणीलाही तेच वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात शेजारची केशरबाई आली. रुखमिणी बालवाडीत गेली की चंदू हिच्याकडेच असायचा. तिनं चमचा बाजूला सारला. "हे नको पाजू, बाई. थांब, त्याचं पाणी आणतो मी."

"त्याचं म्हणजे?"

केशरबाईनं घरून पाण्याचा लहानसा पितळी गुंड आणला. तोंडाला फडकं बांधलेलं. सोडलं तसा तळ्यातल्या शेवाळाचा वास आला.

"तूच म्हणली ना, दवा तेज आहे म्हणून? मोठ्याइले चालते, लेकराले कसं झेपन? म्हणून टोलीत लेकरायचं पाणी बोडीचं आणतो आम्ही. ढोरं उतरायच्या आधी, दुहेरी फडक्यानं गाळून. तुह्या चंदूले तर तिहेरी गाळून देतो मी."

तिहेरी! रुखमिणीला ओरडावं की या बाईच्या गळ्यात पडावं, कळेना. तिनं विहिरीच्या पाण्याचे दोन घोट स्वतः घेतले आणि चमचा पुन्हा भरला.

केशरबाईनं मनगट धरलं. "मरन ना वो लेकरू!"

"दवेचं मलाही समजत नाही, केशरबाई. पण बोडीचं पाजून तर पाहिलं ना आपण?"

केशरबाईनं मनगट सोडलं. मग तिनंच चंदूचं डोकं हातावर घेतलं. पहिला चमचा बाहेर आला. दुसराही. थोडं थांबून रुखमिणीनं पुन्हा थेंबाथेंबानं सुरू केलं. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर चढलं, बेबीबाई दारातून हलली नाही.

एकाएकी रुखमिणीच्या मांडीला ऊन ऊन लागलं.

"मुतला वो!" केशरबाई ओरडली.

"बी.ए.वालीचं पातळ धुतलं पोट्ट्यानं!" बेबीबाई हसली, आणि हसता हसताच तिनं पोरीला पुढे केलं. "हिलेही पाज. पण मले सांग, दवा तेज आहे का नाही?"

"भुकटी तेज आहे. पाणी नाही."

"म्हणजे?"

रुखमिणीनं तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना. तिनं चमचाच भरला.

केशरबाईनं गुंडातलं पाणी बिडीच्या पानांवर ओतलं. "पानं भिजवाले कामी येते," ती पुटपुटली. मग गुंड घासून विहिरीवर गेली. भरून आणला तेव्हा त्याच्या तोंडावर फडकं होतंच. तिहेरी.