हळकुंड फोडणारी दाढ

मित्रांनो, डोळे मिटा आणि जीभ हळूच खालच्या मागच्या दाढांवरून फिरवा. खडबडीत टोकं लागली ना? आता कल्पना करा, त्यातलीच एक दाढ तुमच्याशी बोलते आहे.

मी एक जुनी दाढ आहे. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या शांताआजींच्या तोंडात, खाली उजवीकडे, माझं सारं आयुष्य गेलं. उन्हाळ्यात मसाला कुटायचा तर हळद कडक वाळलेली लागते. आजी दुकानातच एक हळकुंड माझ्याखाली धरून फोडायच्या. कट्‌कन मोडलं की माल चांगला. शेजारणी म्हणत, "काकी, तुमची दाढ सांगेल तीच हळद घेणार!" मला फार बरं वाटे.

मग मला कीड लागली. आजी गाल धरून बसायच्या. दातांच्या डॉक्टर जोॲन यांनी माझी नस काढली, मुळं साफ करून भरली आणि वर तात्पुरतं सिमेंट लावलं. तेव्हापासून गरम चहा येतो, बर्फाचा गोळा येतो. मला काहीच वाटत नाही.

"पुढच्या आठवड्यात कॅप बसवू," सिमेंट लावून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या.

"आता दुखणा नाय, मगे टोपी कित्याक?" आजींनी विचारलं.

"चारी बाजू शाबूत असत्या तर नुसतं भरून भागलं असतं. पण हिची मागची भिंत गेलीय. कडक चावलंत तर दाढ उभी चिरेल. चीर मुळात उतरली की काढावीच लागेल. कॅप सगळी टोकं झाकून धरून ठेवते."

खुर्चीजवळ उभी असलेली नात मेघना सगळं ऐकत होती.

मित्रांनो, दुखत नाही त्या दाढेचीही काळजी घ्या. पूर्वी मी कळ मारून आजींना थांबवायचे. आता ते मला जमत नाही.

दोन दिवसांनी आजी मेघनाला घेऊन मसाल्याच्या दुकानात गेल्या. दुकानदार राजाराम हसले. "घ्या काकी, करा परीक्षा. नाहीतर म्हणाल, राजारामने ओला माल दिला!"

बायका कौतुकाने बघू लागल्या. आजींनी सवयीने हळकुंड तोंडात घातलं. ते माझ्यावर टेकलं. मला काही कळलं नाही.

"आजी, थांब!" मेघनाने त्यांचा हात खाली ओढला आणि हळकुंड काढून घेतलं. तराजूतलं वजन उचललं, हळकुंड दगडी पायरीवर ठेवलं आणि सगळ्यांदेखत त्यावर जोरात हाणलं. ते कट्‌कन मोडलं; माल चांगला निघाला आणि मीही वाचले.