बाहेरचा टोप

कल्हईवाला वर्षातून दोनदा राजोडीच्या अलीकडच्या वाडीत यायचा आणि सालोमीच्या अंगणातल्या फणसाखाली भाता मांडायचा. त्या दिवशी घरातलं एकूण एक पितळी भांडं बाहेर निघे. ब्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतरही तो आला. सालोमीची सून कार्मिन टोप, पातेली, दुधाची चरवी एकेक करून त्याच्यासमोर ठेवत होती. नवसागराचा धूर नाकात जात होता आणि आतून काळपटलेली भांडी बघता बघता चांदीसारखी होत होती.

"विहिरीकडचा तो टोप राहिला की," कल्हईवाला म्हणाला.

"त्याला नको," सालोमी ओसरीवरून म्हणाली. "तो बाहेरचा. तुझी चिंधी त्याला लावशील नि तीच आमच्या भांड्यांना फिरवशील."

कल्हईवाल्याने खांदे उडवले आणि भाता आवरला. कार्मिनला यात वावगं काही वाटलं नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून बाहेरचा टोप बाहेरच होता. केळीच्या बागेत राबणाऱ्या वारली बायांचा चहा त्यात व्हायचा, विहिरीजवळच्या चुलीवर. बाया करवंट्यांतून प्यायच्या आणि करवंट्या कुंपणाच्या काठ्यांवर उपड्या घालायच्या. टोपाची कल्हई कधीची उडाली होती. आत नुसतं पिवळं पितळ दिसायचं.

सालोमी वाईट बाई होती असं कुणी म्हणू नये. तिच्या वाडीतला चहा दुधाचा असायचा, दुसरीकडे गुळाचं काळं पाणी मिळे. आजारी बाईला ती तांदूळ द्यायची. दर रविवारी मिस्साला जायची आणि आपण सारे एकाच पित्याची लेकरं आहोत हे मनापासून ऐकून घरी यायची. टोप मात्र बाहेरच राहायचा. तिच्या लेखी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता.

त्या बायांमध्ये एक जिजा होती. तिची बारकी सहा महिन्यांची असल्यापासून तिच्याबरोबर वाडीत यायची आणि दोन केळींमध्ये बांधलेल्या झोळीत निजायची. जिजाचं दूध आटलं होतं. पोर रडरड रडायची. कार्मिनला स्वतःचं मूल नव्हतं, त्या रडण्याने तिचा जीव तुटायचा. मग तिनेच वाट काढली. सासूची नजर चुकवून ती बाहेरच्या टोपात जास्तीचं दूध ओतू लागली आणि चहा निखाऱ्यावर तसाच ठेवू लागली, म्हणजे दिवसभर केव्हाही जिजाला पोरीच्या तोंडात घालता येई.

"बाय, तुज्या चायवर पोर वाढली माजी," जिजा हसून म्हणायची. कार्मिनला तेवढंच पुण्य केल्यासारखं वाटायचं.

बारकी वर्षाची झाली तेव्हा तिचं पोट फुगलेलं दिसू लागलं. हातपाय काटक्या, आणि पोट टणक. ती चिडचिडी झाली, मग चिडचिडही थांबली. डोळे पिवळे पडले. भगताचा अंगारा झाला, धागा झाला. शेवटी कार्मिनच जिजाला घेऊन वसईला डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरने पोट चाचपलं. यकृताची कड दगडासारखी लागत होती.

"घरी दूध कशात तापवता? पितळेच्या भांड्यात?"

"पितळ कुटला आमच्याकडं?" जिजा म्हणाली. "मडकी हायत, नि एक जर्मनचा टोप."

मडकी आणि अॅल्युमिनियम, पितळ नाहीच; डॉक्टर बुचकळ्यात पडला. कार्मिनला विहिरीकडचा टोप आठवला. जिजाला बाहेर बाकावर बसवून ती एकटी परत आत गेली.

"पोर आमच्या वाडीत चहा पिते. दुधाचा. पितळेच्या टोपातला."

"कल्हई आहे?"

"नाही."

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. "पितळेत तांबं असतं, बाई. कल्हई गेली की ते दुधाचहात उतरतं, थोडं थोडं. डोळ्याला दिसत नाही. मोठं माणूस ते बाहेर टाकतं. तान्ह्या पोराच्या यकृतात मात्र ते साठत जातं. अशा पोरांत तांबं सापडतंय, म्हणून विचारलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देतो, पण उशीर झालाय. दुसरी पोरं पीत असतील तर आधी ते थांबवा."

दुसरं पोर पीत होतं. त्याच बायांमधली पुतळाबाई आपल्या नातवाला कामावर आणायची.

घरी आल्यावर कार्मिनने सासूला सगळं सांगितलं. सालोमीने जपमाळेचे दोन मणी पुढे ओढले.

"मग चहा बंद कर," ती म्हणाली. "नि कुणाला काय सांगू नको. आपण विष घातलं का? चांगल्या मनानं दिला आपण. देवाची मर्जी."

"टोप फेकून देते, आई. घरातलं एखादं पातेलं बाहेर देऊ."

"नि मग आत कसं घेशील ते?"

कार्मिनचा नवरा आग्नेल जेवत होता. त्याने मान वर केली नाही. कार्मिनने टोप उचलला आणि गोठ्यामागे टाकला. चहा बंद झाला. बायांनी कारण विचारलं नाही, त्यांना कारणं विचारायची सवयच नव्हती.

बारकी मुंबईच्या दवाखान्यात गेली. जिजा परतली तेव्हा तिचे हात रिकामे होते. दोन दिवस ती घरी बसली आणि तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन बागेत आली. ती रडत नव्हती. केळीची वाळकी पानं छाटत होती, एक केळ संपली की दुसरी.

कार्मिनलाही रडू येत नव्हतं. रात्री झोप लागायची, सकाळी जाग यायची, भाकऱ्या व्हायच्या. आत काहीच हलत नव्हतं. त्यातच एके सकाळी गोठ्यामागून धूर दिसला. पुतळाबाईला चहाची तलफ सोसवली नव्हती; तो टाकलेला टोप शोधून तिने तिथेच तीन दगडांवर चढवला होता आणि नातवासाठी घरून मूठभर साखर आणली होती.

कार्मिन पळत गेली. तिने टोप लाथेने कलंडवला. चहा मातीत गेला. सगळ्या बाया बघत राहिल्या. मग जिजाकडे वळून तिने सांगितलं, डॉक्टर जे बोलला ते सगळं. जास्तीचं दूध आपणच ओतत होतो, तेही सांगितलं.

जिजाने कोयता खाली ठेवला. "तुमच्या टोपांना ता पांढरा लावतात, त्यानं नाय होत असा?"

"नाही होत."

"मंग याला का नाय लावला?"

विसरलो, असं सांगता आलं असतं. सासूचं नाव सांगता आलं असतं. कार्मिन म्हणाली, "तुम्ही त्यातलं पिता म्हणून."

जिजाने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने पुतळाबाईच्या नातवाच्या हातातली करवंटी काढून घेतली आणि त्याला कडेवर उचललं.

कार्मिन घरात गेली. नव्या कल्हईच्या टोपात तिने चहा टाकला, फडताळातले पाहुण्यांचे कप काढले आणि ते भरून ती बाहेर निघाली. सालोमी दारात आडवी आली.

"ते कप आता आत यायचे नाहीत, सांगून ठेवते."

"येणार," कार्मिन म्हणाली. "धुऊन फडताळातच ठेवणार. उद्या पुन्हा बाहेर नेणार. मला घरात ठेवायचं की नाही ते तुम्ही नि आग्नेल ठरवा."

तिने कप विहिरीच्या काठावर मांडले. बाया जागच्या हलल्या नाहीत. चहावर साय धरली. कार्मिन तिथेच उभी राहिली, पण कुणीही कप उचलला नाही.