एफीसाठी बघितलेली गाडी

रंग बघून गाडी घेणाऱ्यांचा मला राग येतो. वरून चकचकीत, आणि खाली वाकून बघावं तर पत्रा हाताला लागून येतो. आमच्या बेटावर खारा वारा बारा महिने. इथे गाड्यांना सरकारी तपासणी नाही, त्यामुळे दार सुतळीने बांधलेल्या गाड्यासुद्धा मजेत फिरतात. पण बोटीतून पलीकडे, स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर उतरायचं तर गाडी पास झालेली लागते. ती होईल की नाही, हे विचारायला सगळे माझ्याकडे येतात. मी रोरी. बेटावरचा एकुलता एक पेट्रोल पंप माझा.

पेगीने बोलावलं तेव्हा कशासाठी ते मला माहीत होतं. तिचा भाऊ हेक्टर. सत्तरी यायच्या आतच त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, म्हणून त्याला पलीकडे, अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका घरात ठेवलंय. त्याची बायको एफी आधी बोटीने आणि पुढे बसने जायची. थंडीच्या तोंडावर ती बस बंद झाली आणि एफीचं जाणंही थांबलं. तेव्हापासून सगळं बेट तिच्या मागे लागलं होतं. कधी जाणार गं हेक्टरकडे? दुकानात तेच, चर्चच्या दारात तेच. पेगीला बोट नुसती हलली तरी ओकाऱ्या होतात, ती काही जाऊ शकत नाही. मग तिनेच तोडगा काढला. वारलेल्या बापाची, म्हाताऱ्या आर्चीची छोटी लाल गाडी एफीने नावापुरते पैसे देऊन घ्यायची.

गाडी पेगीच्या गोठ्यात उभी होती, शेजारी पेगी आणि एफी. तिच्या काळातली सगळ्यात स्वस्त, काचा हाताने फिरवायच्या, आत रेडिओसुद्धा नाही. मी जॅक लावला, पोतं अंथरलं आणि पाठीवर झोपून आत सरकलो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दाराखालचा पत्रा ठोकत गेलो. टणटण वाजत होता. मला वाटलं, चुकून एक जागा चांगली लागली असेल. दुसरीकडे ठोकलं, तिथेही तेच.

"तो आवाज कसला?" एफीने वाकून विचारलं.

"पत्र्याचा. चांगल्या पत्र्याचा."

"आणि हा गंज?"

"चिखल आहे गं तो."

"क्लच जड वाटतो मला."

"तू अजून आत बसली पण नाहीस, बाई."

पेगी हसली. मी स्टेपनीवरचा गालिचा उचलला, खाली कोरडं. ब्रेकच्या नळ्या साफ. इंजिन एका किल्लीत सुरू झालं, धूर नाही, काही नाही. आणि एकेक गोष्ट चांगली निघत गेली तसा एफीचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं घासाघीस चालली आहे.

"फुकटात मिळतेय तरी खुसपटं काढतेस," मी म्हणालो. "पेगीने वर एक मेंढी बांधून द्यावी का तुला?"

ती हसली नाही. "चालवून बघू या," एवढंच म्हणाली.

चालवत तीच होती. पश्चिमेला समुद्रापाशी रस्ता संपतो, तिथे तिने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"रोरी, नाही म्हण."

"कशाला नाही म्हणू?"

"गाडी सडलीय म्हण. तू म्हणालास की मला पुन्हा कोणी विचारणार नाही."

"अगं, इतकी चांगली गाडी या बेटावर दुसरी नसेल."

"शेवटचं गेले ना," ती समोर बघत बोलायला लागली, "तेव्हा तो कोट घालून खिडकीशी बसला होता. मला म्हणाला, बाई, जरा बाजूला सरका, माझी बायको यायचीय. मी म्हटलं, अरे मीच एफी. तर घाबरला रे. ओरडायला लागला, एफीचं काय केलंत म्हणून. दोघी नर्सनी धरून आत नेलं त्याला. मी नसते तेव्हा खुशीत असतो म्हणतात. रोज जेवण झालं की कोट मागतो आणि खिडकीशी बसतो. मी समोर गेले की त्याची एफी येत नाही."

मी हात लांब करून वायपर चालतात का ते बघितलं.

"पेगीला सांग की हे."

"तिला वाटतं भाऊ थोडासा विसरतो, बाकी होता तसाच आहे. तिला तेवढं तरी राहू दे."

"बरं," मी म्हणालो. "सडलीय म्हणतो."

म्हटलं खरं. परत आलो तर पेगी दारात उभी, चहाची किटली हातात.

"बाबा दर शनिवारी विहिरीच्या पाण्याने धुवायचे तिला," ती म्हणाली. "खालून सुद्धा. गुडघे गेले तरी. मी ओरडायचे, या वयात चिखलात कशाला लोळता. तर म्हणायचे, माझ्यामागे कुणाच्या तरी कामी येईल. काय रे, येईल ना?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. त्या म्हाताऱ्याने जन्मभर जपलेली वस्तू सडकी म्हणायला जीभ रेटेना. आणि नाही म्हणालो असतो तर एफी सुटली असती, हेही मला कळत होतं.

"गाडीत खोट नाही," मी म्हणालो. "पलीकडे पास होईल."

पेगी एफीच्या गळ्यात पडून रडली. तिच्या खांद्यावरून एफीने माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही.

गाडी पास झाली. एफी दर आठवड्याला बोटीवर गाडी चढवू लागली. लोक म्हणायचे, बायको असावी तर अशी. पंपावर यायची तेव्हा "भर" एवढंच म्हणायची, माझ्याकडे न बघता.

मार्चमध्ये मला ट्रॅक्टरच्या एका पार्टसाठी पलीकडे जायचं होतं. धक्क्यावर भिजत उभा होतो, तिने शेजारचं दार उघडलं.

"बस. पण वाटेत मला थांबायचंय."

हेक्टरला ठेवलेलं ते घर रस्त्याला लागूनच आहे. एफीने गाडी फाटकाच्या आत नेली नाही. रस्त्याच्या पलीकडे, कुंपणाच्या आडोशाला लावली, आणि डबा काढून निम्मं सँडविच मला दिलं. समोर मोठी खिडकी. खिडकीत हेक्टर, कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"आत नाही जायचं?" मी विचारलं.

"नाही."

"दर वेळी इथेच?"

"दर वेळी."

एक बाई छत्री घेऊन फाटकातून आत गेली. हेक्टर खुर्चीतून अर्धा उठला, तिच्याकडे नीट बघितलं आणि परत बसला. एफीचा हात दाराच्या कडीवर गेला होता. तो तिने हळूच मांडीवर घेतला. मी सँडविच हातात धरून बसलो.

"मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं," मी म्हणालो.

"गप रे. खा."

उजेड उतरायला लागला तशी एका पोरसवद्या नर्सने येऊन हेक्टरला आत नेलं. मग एफीने गाडी सुरू केली.

परतीच्या बोटीवर पाद्रीबाबा भेटले. हेक्टर कसा आहे, त्यांनी विचारलं.

"मजेत आहे," एफी म्हणाली. "माझी वाट बघतोय."