विहिरीवरची पेटी

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत आम्ही तिघं परभणीत इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होतो. मी रंगनाथ, जिंतूरचा बसवराज आणि मुंजाजी. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार बंद करणारी पेटी, हा आमचा प्रोजेक्ट. शेतातल्या लाइटीचा भरवसा नाही, म्हणून पेटी सेलवर चालवायची होती, आणि सेल आठ दिवसांत बसायचे. मुंजाजीनं तोड काढली. पेटीतली चिप सतत जागी ठेवायचीच नाही. दर पाच मिनिटांनी उठवायची, पाणी बघून परत झोपवायची. आता सेल अख्खा हंगाम पुरणार होते.

विद्यापीठाचा नामविस्तार होऊन आठवडा झाला होता. सेलूजवळच्या माझ्या गावात वातावरण तापलेलं होतं, ते मला माहीत होतं. तरी पेटी लावायला दोघांना घेऊन गेलो. आपलंच शेत आहे, असं वाटलं.

मुंजाजी विहिरीच्या पायऱ्यांवर बसून वायर सोडत होता. माझे काका व्यंकटराव चौघांना घेऊन आले. त्यांनी त्याला आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं.

"विद्यापीठ घेतलंत. आता इहिरी बी पायजेत का?" म्हणत काकांनी त्याला गचांडी धरून वर ओढलं.

कुऱ्हाडीचा दांडा आधी पाठीत बसला, मग गुडघ्यावर. तो पडला तसा एकानं त्याचा उजवा हात दगडावर दाबून धरला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. बसवराज मधे पडला. त्याच्या तोंडावर दांडा बसला आणि रक्तासकट दोन दात मातीत पडले. तेव्हा कुठं माझे पाय हलले. मी मुंजाजीच्या अंगावर पडलो. काका थांबले नाहीत. माझं डोकं फुटलं.

"मीच आणलंय त्याला, काका."

"मंग तू बी त्येंच्यातलाच," म्हणून त्यांनी पेटी विहिरीत भिरकावली.

दवाखान्यात पोलीस जमादार जबाब घ्यायला आला. कुणी ओळखू आलं नाही असं सांग, म्हणून वडिलांनी हात जोडले. मी काकांसकट पाचही नावं सांगितली. काकांना शिक्षा झाली. मला घर बंद झालं.

मुंजाजीची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. दुसरी पेटी केली तेव्हा तो शेजारी बसून सांगायचा, मी सोल्डरचे डाग द्यायचो. कामापलीकडं तो बोलत नसे. एकदाच, पेटी जमा करायच्या दिवशी, त्यानं विचारलं,

"पहिला दांडा बसला, तवा तू काय बघत उभा हुतास?"

मी पेटीचे स्क्रू आवळत राहिलो. त्यानं पिशवी उचलली आणि स्टँडकडं निघून गेला.